घरी विचारून कळवतो

धामणगाव बढ्याच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि बायोडाटा. बायोडाटा आमच्याकडे दोन कामांना लागतो, नोकरीला आणि लग्नाला, म्हणून गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, "नोकरीचा का सोयरीकीचा?" एका पोरानं मला न विचारता मोबाइलवरच लग्नाच्या बायोडाटाचा नोकरीचा करून टाकला होता. 'अपेक्षा : मुलगी गोरी व मनमिळाऊ' ही खालची ओळ पुसायची राहिली आणि तो कागद तसाच एका खताच्या दुकानात गेला. स्टँडवर आठवडाभर लोक हसत होते. मीही हसले. पण मला विचाराल तर त्याचं फार काही चुकलं नव्हतं. दोन्हीकडे प्रकार तोच. एक पार्टी खुर्चीत बसून पाहते, दुसरी समोर बसून स्वतःला दाखवते, आणि पाहणारे उठताना म्हणतात, "कळवतो."

कळवतो म्हणजे नाही. ज्यांना होकार द्यायचा असतो ते कळवत बसत नाहीत, तिथल्या तिथं साखर मागतात.

हा शब्द सारिकाइतका कुणी ऐकला नसेल. सारिका म्हणजे माझ्या शेजारच्या बेबीताई हिवाळ्यांची सून. माहेर रोहिणखेड. कृषी पदविका केलेली, आणि नंतर दोन हंगाम भावाच्या शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेतलेलं. लग्नाआधी तिला सात-आठ ठिकाणचे पाहुणे पाहून गेले. कुणाला रंग पसंत पडला नाही, कुणाला शिक्षण जास्त झालं, आणि एकांनी तर कारणही दिलं नाही, पोहे मात्र दोनदा घेतले. सगळे जाताना म्हणाले, कळवतो.

मग बेबीताई गेल्या. बेबीताई म्हणजे साधी बाई नव्हे. धामणगावपासून देऊळघाटापर्यंत त्यांनी जमवलेल्या सोयरिकी आहेत. समाजाच्या परिचय मेळाव्यात त्यांना स्टेजवर खुर्ची असते. पोरीनं पाहुण्यांपुढं कसं यावं, कसं बसावं, कुठं पाहावं, हे त्या गावोगावच्या पोरींना शिकवत आल्या आहेत. मान खाली, पदर खांद्यावर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि उठताना सगळ्यांच्या पाया पडायचं, लहान-मोठा न पाहता. स्वतःच्या एकुलत्या एका देवानंदसाठी पोरगी पाहायला गेल्या तेव्हा सारिकानं यातलं सगळं केलं. बेबीताई अजून सांगतात, "पोट्टीनं मान वर केली नाही पाह्य. म्या तिथंच साखर मागतली."

आता गंमत ऐका. हीच सारिका माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की नकला करायची. ग्रामसेवकाची, नर्सबाईची, माझी. एकदा तिनं मला माझ्याच तोंडावर करून दाखवलं, "ओळखपत्राची झेरॉक्स दोन्ही बाजूनं पायजे का एका? मंग आधी काऊन नाही सांगितलं?" मला राग आला आणि मग इतकं हसू आलं की लॅमिनेशनच्या मशीनमध्ये एकाचं प्रमाणपत्र वाकडं गेलं. बोलायला लागली की तिच्यासारखी बोलणारी धामणगावात नाही. पण मुलाखतीला गेली की मुकी.

नोकरी तिला हवी होती, आणि का हवी होती ते सरळ आहे. देवानंद वाळूजच्या कारखान्यात. दोन महिन्यांनी एकदा घरी येणार, पोरगी छकुली त्याला पहिला अर्धा दिवस ओळखणार नाही, आणि ओळख पटेपर्यंत त्याची जायची गाडी. तो भला माणूस आहे. पण उन्हाळ्यात त्यानं फोनवर सांगून टाकलं, "सारिका, मले असं एकट्यानं जमत नाही आता. तुले तिकडं नोकरी लागली तर मी मलकापूरच्या एमआयडीसीत पायतो, घरी येतो. नाही लागली तर दिवाळीनंतर तू अन् छकुली इकडं या. पण हे अर्धं इकडं अर्धं तिकडं बंद करू." त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण वाळूजला गेली असती तर सारिकाची पदविका ट्रंकेत गेली असती, आणि सासू-सासरे इथं दोघंच राहिले असते. दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर दहा बाय दहाची खोली. एवढाच हिशोब होता.

मोताळ्याला एक मुलाखत झाली. कळवतो. बुलढाण्याला झाली. कळवतो. मी म्हटलं नशीब नसेल. मग मलकापूरच्या मुलाखतीला मी तिच्याबरोबर गेले, कारण मला टोनर आणायचा होता, आणि तिथं मला कळलं की नशिबाला उगाच बोल लावत होते मी.

त्या ऑफिसात काचेचं केबिन होतं. मी बाहेर बाकावर. आत तीन माणसं, त्यातला एक तर माझ्या पोरीच्या वयाचा असेल, मिसरूड नुकतंच फुटलेलं. सारिका आत गेली. खुर्चीच्या कडेवर बसली, अर्धी खुर्ची रिकामी. पदर खांद्यावरून पुढं. नजर टेबलाच्या पायाकडं. ते विचारत होते आणि हिचे ओठ एकदाच हलत होते. हो. नाही. येतं. आणि शेवटी ती उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिघांच्याही पाया पडली. ते मिसरूडवालं पोरगं असं दचकून उभं राहिलं की त्याची खुर्ची मागं पडली.

मी कपाळावर हात मारला. ही मुलाखत देत नव्हतीच. ही पाहुण्यांना स्वतःला दाखवत होती.

संध्याकाळी मी बेबीताईंच्या ओट्यावर गेले आणि मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. माझी जीभ काही फार विचार करून चालत नाही. म्हटलं, "बेबीताई, तुमच्या सुनेला नोकरी लागत नाही ते तुमच्या शाळेमुळं. तुम्ही पोरींना जे शिकवता ते तिच्या हाडात गेलंय."

त्यांचे पती शंकरराव, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, खुर्चीत डोळे मिटून होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि धोका ओळखून पुन्हा मिटला.

"माह्या शाळेनं चाळीस घरं बसली," बेबीताई म्हणाल्या. "तुह्या झेरॉक्सनं किती बसली?"

दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात आल्या. बसल्या नाहीत. "अन्नपूर्णे, दुकानातल्या तीन खुर्च्या दे."

"कशाला?"

"पाव्हणे येऊन राह्यले."

पाहुणे म्हणजे आम्हीच. पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली, त्यांनी एका बाजूला तीन खुर्च्या मांडल्या आणि समोर एक. तीन खुर्च्यांवर शंकरराव, मी आणि बेबीताई. सारिका आतून आली, सवयीनं मान खाली घालून समोरच्या खुर्चीकडे निघाली.

"थांब," बेबीताई म्हणाल्या. "तू पोरगी नाहीस. तू पोराचा बाप हायस. आम्ही कंपनी. आमची पोरगी, म्हंजे हे नोकरी, तुले दाखवायची हाये. ये अन् बस."

सारिकाला कळेना. मला कळलं आणि माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"लाजू नको," बेबीताई म्हणाल्या. "पोराचा बाप कसा बसते? सात-आठ पाह्यले ना तू?"

सारिका क्षणभर उभी राहिली. मग तिनं खांद्यावरचा नसलेला दुपट्टा झटकला. पाय फाकवून, खुर्चीला पूर्ण पाठ टेकवून बसली. पंख्याकडं पाहिलं, भिंतीच्या पोपड्यांकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाली, "हं. मंग शेती किती म्हणता? पाणी हाये का नुसतं सातबाऱ्यावरच हाये?"

शंकरराव मोठ्यानं हसले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलंच नव्हतं. सारिकाला जोर आला. "पोरगी किती शिकली? एवढी? मंग स्वयंपाक येते का पुस्तकातच पाहून करते? चष्मा आताचा हाये का लहानपणचा? नाव सांग बाई जरा जोरानं. उभी राह्य. जरा चालून दाखव."

आणि तिथं तिचा आवाज अडकला. 

"मले चालून दाखवायले लावलं होतं आत्याबाई," ती सासूला म्हणाली. आवाज तिचा स्वतःचा होता आता. "दारापासून भिंतीपर्यंत. पाय बरोबर हाये का थे पाह्याले. म्या चालली."

बेबीताई खाली पाहत होत्या. त्यांनीही कितीतरी पोरींना चालायला लावलं असेल, ते त्यांना माहीत होतं आणि आम्हाला पण. मग म्हणाल्या, "आता कंपनीले चालून दाखवायले लाव."

त्या दिवसापासून रोज जेवणं झाली की तीन खुर्च्या मांडायच्या. शंकरराव साहेब. पहिले तीन दिवस ते "नाव?" एवढं विचारून पुढं "सुटे द्या" म्हणायचे, आयुष्यभराची सवय. बेबीताईंचा नियम एकच होता: पोराकडचे एक उत्तर ऐकतात आणि दोन प्रश्न विचारतात, तू पण तसंच कर. सारिका एका शब्दात उत्तर द्यायला लागली की त्या म्हणायच्या, "आता पोराचा बाप झाला का पुन्हा पोरगी झाली?" मग सारिका दुपट्टा झटकायची आणि सगळं सांगायची. शेडनेटमध्ये काय केलं, काय बिघडलं, कसं सुधारलं. उठताना पाया पडायचं नाही, हा मुद्दा सगळ्यात अवघड गेला. तिची कंबर आपोआप वाकायची. शेवटी बेबीताईंनी उपाय काढला. "पोराचा बाप उठताना काय करते? थेच कर." पोराचा बाप हात जोडतो आणि म्हणतो, बरं, घरी विचारून कळवतो. सारिका रोज उठताना तसंच म्हणायची आणि आम्ही रोज हसायचो. त्या हसण्याचं पुढं काय होणार आहे, ते तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीला तीन आठवडे उरले आणि बुलढाण्याच्या एका बियाणे कंपनीची मुलाखत आली. कंपनीचं मोठं ऑफिस जालन्याला, बुलढाण्याला शाखा. काम गावोगावच्या शेडनेटवर देखरेखीचं, जिथं बायका मिरची-टोमॅटोच्या कळ्या सोलून परागीकरण करतात. म्हणजे सारिकासाठीच शिवलेलं. आणि ही शेवटची संधी होती, हे कुणी बोललं नाही तरी घरात सगळ्यांना माहीत होतं. देवानंदनं वाळूजला खोली पाहून ठेवली होती.

बेबीताई मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात एकट्याच बुलढाण्याला गेल्या. आम्हाला सांगितलं, देऊळघाटच्या बहिणीकडं चालले. परत आल्या ते सगळी खबर घेऊन. त्या सोयरीक जुळवण्याआधी शेजारीपाजारी चौकशी करतात, तशी त्यांनी कंपनीच्या खालच्या चहावाल्याकडं केली होती.

"घर चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "पगार टायमावर देतात. पण याच्या आधी दोन बाया होत्या, दोन्ही सोडून गेल्या. काऊन गेल्या थे इचारजो."

"मुलाखतीत?" मी म्हटलं. "असं विचारतात का कुठं?"

"पह्यली सोयरीक मोडली असंन तर काऊन मोडली हे पोराकडचे इचारत नाहीत?" बेबीताई म्हणाल्या. 

मुलाखतीला आम्ही तिघी गेलो. बेबीताईंनी मेळाव्याला नेसतात ती पांढरी साडी नेसली होती. मी म्हटलं, तुम्ही कशाला, तर म्हणाल्या, "सोयरिकीले घरचं माणूस पायजे." मोताळ्याला गाडी बदलली, राजूरचा घाट चढलो. सारिका खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती.

ऑफिसातलं केबिन प्लायवूडचं होतं आणि वरून उघडं, त्यामुळं बाकावर बसून आम्हाला आतलं सगळं ऐकू येत होतं. सारिका आत गेली. खुर्ची करकरली. बेबीताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. पाठ टेकवली होती पोरीनं.

"नाव?" पुरुषाचा आवाज.

"सारिका देवानंद हिवाळे. रोहिणखेडची. सध्या धामणगाव बढे."

"शेडनेटचा अनुभव?"

 आतून आवाज आला, माझ्या दुकानातला आवाज. "दोन हंगाम, भावाच्या शेडनेटमध्ये. पहिल्या वर्षी निम्मी फळं गळाली, सर. बायांवर ओरडलो आम्ही, पण बायांची चूक नव्हती. कळी फार कोवळी असतानाच सोलत होतो, आतला भाग दुखावत होता. दुसऱ्या वर्षी कोणती कळी घ्यायची ते ठरवलं अन् नखं कापायला लावली, माझी पण. मग गळ थांबली."

त्यांनी आणखी विचारलं आणि ती बोलत गेली. कुठं 'माझी' म्हणाली, कुठं 'माही', कुठं अडखळली पण थांबली नाही. मग तो पुरुष म्हणाला, सगळे म्हणतात तसं, "ठीक आहे. तुम्हाला काही विचारायचंय?"

मलकापूरला याच ठिकाणी ती उठून पाया पडली होती.

"हो," सारिका म्हणाली. "याच्या आधी तुमच्याकडं दोन बाया होत्या. त्या काऊन सोडून गेल्या?"

बाहेरच्या शिपायानं चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबवला.  मग आतून एका बाईचा आवाज आला, जालन्याकडच्या वळणाचा. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"चौकशी केली, मॅडम. चौकशी केल्याशिवाय कोणी सोयरीक करते का?"

कुणीतरी हसणं दाबलं. मग त्या बाई म्हणाल्या, "खरं सांगते. कळ्या सोलायचं काम संध्याकाळी असतं. ते तपासून निघेपर्यंत अंधार पडतो. शेवटच्या गावाहून एस.टी. नसते. दोघींच्या घरच्यांनी नाही म्हटलं. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"गाडी मागितली असती," सारिका म्हणाली. "अन् दुसरं, प्रत्येक गावात परागीकरणाच्या बायांमध्ये एक जाणती असतेच. संध्याकाळची तपासणी तिच्याकडं द्यायची, तिला त्याचे पैसे द्यायचे. मी सकाळी जाऊन तिचं काम तपासीन. सकाळी परागीकरणाला मला तिथं जावं लागतंच."

बेबीताईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मला वाटलं, झालं, घेतली पोरीनं.

"छान," त्या मॅडम म्हणाल्या. "या तुम्ही."

खुर्ची करकरली. सारिका उठली असणार. आणि मग, मोठ्यानं, भारदस्तपणे, पोराच्या बापाच्या आवाजात, "बरं. घरी विचारून कळवतो आम्ही."

 बेबीताईंनी माझा हात सोडला. दार उघडून सारिका बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मिरचीसारखा झाला होता. ती थांबलीच नाही, सरळ जिना उतरली.

घाट उतरताना ती रडली. "आत्याबाई, म्या त्यायले कळवतो म्हणून आली! कळवते बी नाही, कळवतो! त्यायले वाटलं असंन, हे बाई येडी हाये." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकदम. इतकी तयारी करून घेतली ती आम्हीच, आणि मातीही आम्हीच खाल्ली. बेबीताई खिडकीबाहेर पाहत होत्या. राजूर आल्यावर म्हणाल्या, "बाकीचं बोललीस थे? थे कोणी शिकवलं होतं तुले? थे तर तुह्यंच होतं ना?" सारिकानं डोळे पुसले.

दहा-बारा दिवस फोन आला नाही. सारिकानं माळ्यावरून मोठी पातेली उतरवली, कोणती वाळूजला न्यायची ते ठरवू लागली. छकुलीनं विचारलं, आजी येणार का आपल्यासोबत, आणि सारिका पातेली पुन्हा मोजू लागली. मी दुकानात खेकसून बोलत होते सगळ्यांशी. मी चिडले की मला फार दुःख झालेलं असतं, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे, गिऱ्हाइकांना नाही.

मग तो रविवार. आमच्या गल्लीतल्या पुष्पांजलीला पाहायला देऊळघाटचे पाहुणे येणार होते. तिचं घर एका खोलीचं, म्हणून कार्यक्रम बेबीताईंच्या घरी. बेबीताई मध्यस्थ. पुष्पांजली नर्सिंग शिकलेली पोरगी, पण मान खाली घालून बसली होती, कारण तिला बेबीताईंनीच पूर्वी शिकवलं होतं. पोराचा बाप पाठ टेकवून, पाय फाकवून, पंख्याकडं पाहत बसला होता. मी आतल्या दारातून त्याला पाहिलं आणि सारिकाकडं पाहिलं. तिनं तोंड पदरात दाबलं. नक्कल किती हुबेहूब होती ते तेव्हा समजलं.

पोहे झाले, चहा झाला, पोराच्या बापानं विचारायचं ते विचारलं. तेवढ्यात फळीवर ठेवलेला सारिकाचा फोन वाजला. माझे हात कपबशा धुऊन ओले. मी कोपरानं दाबला तर तो स्पीकरवरच लागला.

"सारिका मॅडम आहेत का? मी सुचिता बोलतेय, बियाणे कंपनीतून."

 पाहुणे सुद्धा फोनकडं पाहू लागले.

"बोला मॅडम," सारिका म्हणाली. 

"अहो, आम्ही कळवणार होतो का तुम्ही, याच गोंधळात इतके दिवस गेले," फोन हसत म्हणाला. "साहेब म्हणाले, त्या कळवते म्हणाल्यात, थांबू. मी म्हटलं, थांबायला आपण काय नवरीकडचे आहोत? त्या दिवशी मी घरी जाऊन इतकी हसले, आणि मग मला माझा पाहण्याचा कार्यक्रम आठवला. असो. आमची पसंती आहे. स्कूटी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं, आणि संध्याकाळच्या तपासणीला गावातलीच बाई, तुम्ही म्हणालात तसं. जालन्याहून मंजूर करून घ्यायला वेळ लागला. आता तुमचं घरी विचारून झालं असेल तर कळवा."

सारिकानं सासूकडं पाहिलं. बेबीताईंचं जन्मभराचं तत्त्व आहे: लगेच हो म्हणायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची, नाहीतर भाव कमी होतो. त्यांनी तोंड उघडलं, पण तत्त्व काही बाहेर आलं नाही. डोळे भरून आले होते त्यांचे.

"कळवायचं काय त्यात, मॅडम," सारिका म्हणाली. मान वर, सगळ्या पाहुण्यांच्या देखत. "मले पसंत हाये. नोकरी मले पसंत हाये!"

"अन्नपूर्णे!" बेबीताई ओरडल्या. "साखर आण व! साखर!"

मी डबाच घेऊन धावले. शंकररावांना दिली, त्यांनी छकुलीला भरवली आणि लगेच देवानंदला फोन लावायला बाहेर गेले. घाईघाईत मी पोराच्या बापाच्याही हातावर चमचाभर साखर ठेवली. तो हाताकडं पाहत राहिला. "पण आमचं तर अजून काही..." तो म्हणाला.

"तुमची नाही भाऊ," बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या. "आमची हाये. खा तुम्ही."

त्यानं खाल्ली. मग सावरून बसला, मग उठला, खांद्यावरचा दुपट्टा झटकला, खराखुरा दुपट्टा, आणि हात जोडून म्हणाला, "बरं मंग. घरी विचारून कळवतो आम्ही."

सगळे नेहमीसारखे माना डोलवणार, तेवढ्यात पुष्पांजलीनं मान वर केली. तिनं आधी सारिकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"बरं काका," ती म्हणाली. "आम्ही पण कळवतो."

पोराचा बाप दारात थबकला. मी बेबीताईंकडं पाहिलं. मला वाटलं, आता डोळे वटारतील. त्या उठल्या, माझ्या हातातला डबा घेतला आणि उरलेली साखर पुष्पांजलीच्या हातावर ठेवली.